मी न सांगितलेलं ऊन

अकोल्याच्या जुन्या शहरात, काकाच्या घरी मला पाहायला पाहुणे आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. कापसाची पडती वर्षं चालू होती. बाबा स्वतः शेतकरी, पण जावई त्यांना नोकरीवालाच हवा होता. हा मुलगा शिक्षक होता. त्याच्या आत्याने चहाचा कप खाली ठेवला, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि सगळ्यांसमोर माझा गाल खसाखसा घासला.

“पावडरीखाली वांग हाये,” ती म्हणाली. “उन्हात राबून पोरीचं तोंड जळलं. आमच्या पोराच्या बाजूले कशी दिसन हे?”

मुलगा मान खाली घालून चिवडा खात राहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा नकार आला. त्या बाईचा चेहरा मात्र मला पाठ झाला.

सात वर्षांनी मी अमरावतीत, राजापेठेतल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे काम करत होते. लेझर मारायचं काम डॉक्टरांचं. आधी चेहरा पुसणं, नंतर बर्फ लावणं आणि घरी काय पाळायचं ते समजावणं माझ्याकडे होतं. मार्चमध्ये ती आत्या आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी गोरी, नाकावर नि गालांवर तपकिरी ठिपके. आत्याने मला ओळखलं नाही.

“सिस्टर, मे महिन्यात लग्न हाये हिचं. पोराकडच्या लोकाइले डाग दिसले नाई पायजे.”

मशीन टकटक वाजत राहिलं. मुलीने मुठी आवळल्या. मी बर्फ लावत असताना आत्याने विचारलं, “पत्रिका वाटाले गाडीवर गावोगाव फिरनं हाये. चालन ना?”

लेझरनंतर उन्हात जायचं नाही, हे वाक्य मी रोज दहा जणांना सांगायचे.

“चालते,” मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती गुणगुणतच.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. ठिपक्यांच्या जागी काळपट चट्टे उठले होते. आत्या डॉक्टरांवर ओरडत होती. डॉक्टरांनी मला विचारलं, “उन्हाचं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं.”

आत्याने मुलीच्या पाठीत धपाटा घातला. “तुह्यं ध्यान कुठं रायते वं?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवत होतं. तरी ती म्हणाली, “ताईनं सांगतलं असन. माह्यंच चुकलं.”

धपाटा आत्याला बसायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. “फोन लाव त्यांना. आत्ता, माझ्यासमोर.”

मी फोनवर सगळं कबूल केलं. मी कोण, कुठल्या घरची, कुठल्या दिवशी माझा गाल घासला होता, तेही सांगितलं.

पलीकडून आत्या म्हणाली, “कोन? मले तं काई आठवत नाई बाई.”

लग्न मे महिन्यातच झालं, चट्ट्यांसकट. नवऱ्याकडच्यांनी काही म्हटलं नाही. डॉक्टरांनी पुढचे उपचार फुकट केले, मलम लावायला मला बसवलं. दिवाळीपर्यंत चट्टे फिके पडले. मुलीची मी हात जोडून माफी मागितली. आत्याची मागितली नाही, मागणारही नाही.