एका हाकेला ओ न देणारं घर

आमचा खेळ बंद पडायला आला होता, म्हणून मी राधानगरीला गेलो. खेळ म्हणजे फासे टाकत गोष्ट खेळायची: मी गोष्ट सांगणार, सागर, मंजिरी आणि निखिल तिच्यातली पात्रं होणार. कॉलेजपासून चाललेला. पण हल्ली माझी भुतं आली की तिघं खुदखुदायचे. "या रविवारी भीती वाटली नाही, तर सरळ पत्ते खेळू," मंजिरीनं सुनावलं. मला ते फार लागलं. नोकऱ्या लागल्यावर आम्हाला एकत्र आणणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

"भीती शोधायची तर राधानगरीला माझ्या मामाकडे जा, धुकंच धुकं असतंय," सागर म्हणाला. पुण्याहून कोल्हापूर, स्टँडजवळ घाम फोडणारी मिसळ, मग राधानगरीची एसटी. २००६ चा ऑगस्ट, रस्त्याची चाळण. जाणार असाल तर छत्रीच्या भानगडीत पडू नका, रेनकोट न्या, आणि मागची सीट टाळा.

"या पावणं! आधी जेवा, मग बोला," मामांनी दारातच फर्मावलं. नाचणीची भाकरी, झणझणीत आमटी, तांब्याभर ताक. इतकी माया अनोळखी माणसावर कोण करतं हो?

सकाळी मामी धार काढत होत्या, मी गोठ्याच्या दारात उभा. समोरची भातखाचरं धुक्यात गडप. तिकडून स्पष्ट हाक आली, "ओ पावणं!"

मी ओ देणार, तोच मामींचा दुधानं ओला हात माझ्या तोंडावर.

"एका हाकेला ओ द्यायची न्हाय. दुसरी येऊ दे."

आम्ही थांबलो. म्हशीनं शेपटी झटकली. दुसरी हाक आलीच नाही.

"असेल कुणीतरी, गेला असेल पुढं," मी म्हणालो.

"माणूस आसता तर परत हाक मारली आसती की," म्हणत मामी पुन्हा धारेला बसल्या.

माझ्या भुतांना शिंगं होती, सुळे होते. ह्याला साधा चेहराही नव्हता, आणि मी दारातून सरकून म्हशीला खेटून उभा होतो. परतीच्या गाडीत मी मनोमन मामींच्या पाया पडलो.

रविवारी माझ्या घरी बसलो. गोष्टीतल्या म्हातारीनं मामींचा नियम सांगितला, मग धुकं उतरलं. मंजिरीच्या पात्राला मी एकदाच हाक मारली आणि गप्प बसलो. निखिलच्या हातातले फासे हातातच राहिले. मंजिरी हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारी इथूनच सुरू करायचं."

"अरे, चहा झालाय, न्या!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. आईला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.