दाराखालची सावली

बंद दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली होती, आणि ती हलत नव्हती.

क्लाउड कम्प्युटिंगच्या सर्टिफिकेशनची दोन तासांची परीक्षा मी घरूनच देत होते. समोर कॅमेरा, त्याच्या पलीकडे न दिसणारा परीक्षक. खोलीत कुणी आलं किंवा बाहेरून आवाज आला, तर परीक्षा रद्द. सकाळी आईला हे एकदाच सांगितलं होतं. तिने दाराची बेल बंद केली, कुकर लावलाच नाही आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली.

एक सर्व्हर बंद पडला तर त्याचं काम दुसऱ्याने कसं उचलायचं, असले प्रश्न. चार पर्याय, चारही बरोबर वाटणारे. अडलं की नजर आपोआप त्या फटीकडे जायची. दुसऱ्यांदा गेली तेव्हा स्क्रीनवर ताकीद आली, ‘नजर समोर ठेवा. पुन्हा असं झालं तर परीक्षा थांबवू.’ आता त्याला काय सांगणार, की मी कॉपी करत नाहीये, आई आहे ना ते बघतेय? चाळिशी उलटलेल्या बाईने?

मग न बघताच पेपर सोडवला, ती आहे असं धरून. दहावीलाही ती शाळेच्या फाटकाबाहेर उभी असायची. तेव्हाही वर्गातून कुठे दिसायची?

शेवटी एकदाचं स्क्रीनवर ‘पास’ उमटलं. परीक्षा बंद करून मी दार उघडलं. आई ओठ घट्ट मिटून बसलेली. तिने नुसत्या भुवया उंचावल्या.

“पास झाले!” मी ओरडलेच.

तिने माझ्या मागे कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “आता खोकले तर चालेल ना गं?”