चालतंय सर

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रावर कोणतीही अडचण सांगा, सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "चालतंय की." त्यामुळे त्यांचं नावच चालतंय सर पडलं होतं. वर्ग रविवारी एका शाळेत भरायचे. सहावीच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे दुमडून बसायचो. एस.टी.चे एक कंडक्टर ड्यूटीवरून थेट खाकी कपड्यांत यायचे. "अंघोळ न्हाई झाली, सर," असं दारातूनच सांगायचे.

"चालतंय की. खिडकीपाशी बसा."

सर दुधनीकडचे, घरी कन्नड बोलणारे. कोणी नवीन माणूस दारात घुटमळला की "बा, बा" म्हणून आत बोलवायचे. एकदा एक ताई लहान मुलीला घेऊन आल्या. मुलीने फळाभर शेळ्या काढल्या. ताई पुसायला धावल्या, तर सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मधी मधी जागा हाय की." त्या दिवशी मागणी आणि पुरवठा आम्ही शेळ्यांच्या पायांमधून शिकलो.

मी तिथे 'बारावी झालीय' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचा विचार होता, पण धीर होत नव्हता, म्हणून नुसती वर्गात बसून पाहत होते. खरं तर बी.कॉम.ची दोन वर्षं मी लातूरला पास झाले होते. आईच्या आजारपणात कॉलेज सुटलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुटलं म्हणजे सगळं गेलं, असंच आम्ही धरून चाललो होतो. आता आप्पा म्हणाले होते, "एक वर्ष शीक. मग स्थळं बघायची." पहिल्यापासून सुरू केलं तर पदवी हातात येणार नाही, हे मला कळत होतं.

एकदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मागे बसले होते. दोन कंपन्या एकत्र होतात तेव्हाच्या हिशेबाबद्दल सरांनी विचारलं आणि मी उत्तर देऊन बसले.

"पोरी, बारावीला हे कोण शिकवलं तुला?"

मी खाली बघत सगळं सांगितलं. म्हटलं, "पण सर, मी पहिल्यापासूनच करते. चालेल ना?"

"न्हाई चालत."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. कंडक्टर म्हणाले, "सर, तब्येत बरी हाय न्हवं?"

हसणं थांबल्यावर सरांनी समजावलं. आधीच्या दोन वर्षांचे क्रेडिट इथे धरतात, उरलेलं एक वर्ष तेवढं पूर्ण करायचं. फक्त जुन्या कॉलेजातून कागद आणायचे. मला तिथे तोंड दाखवायची लाज वाटत होती. सर एक फोन करतील का, असं मी चाचरत विचारलं.

"मी कशाला? वर्षं तुजी हायत. मागायची न्हाईत, घिऊन यायची."

मी गेले. खिडकीतल्या बाईंनी "नाव?" एवढंच विचारलं.

निकाल लागला तोवर सर केंद्र सोडून मुलाकडे हुबळीला राहायला गेले होते. मी फोन केला. माझं बोलणं पुरतं ऐकून न घेताच म्हणाले, "आप्पांना दे."

आप्पा फोन घेऊन उभे राहिले. सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "एका वर्षात पदवी काढली की हो पोरीनं!"

"न्हाई, सर," आप्पा म्हणाले, "एका वर्षात कुटलं? तीन वर्सं शिकलीया ती."