पट्ट्याचा वळ

वडिलांचं अंग पुसता पुसता माझा हात थबकला. अप्पांच्या उजव्या खांद्यापासून डाव्या कुशीपर्यंत काळाजांभळा वळ उमटला होता, गाडीच्या पट्ट्याएवढाच रुंद.

आठवड्यापूर्वी सातारा रस्त्यावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. अप्पा गाडी चालवत होते, मी शेजारी बसलो होतो. गाडी ट्रकच्या मागच्या अंगात घुसली, बॉनेट चुरगळलं, काचांचा सडा मांडीवर पडला. त्या गदारोळातही अप्पांची बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"पट्टा नसता तर हे काचेतून बाहेर गेले असते," डॉक्टर म्हणाले. "पण ऐंशीच्या घरातली हाडं पट्ट्याचाही हिसका सोसत नाहीत."

हिसका मलाही तेवढाच बसला होता. माझा खांदा नुसता खरचटला. विहिरीत पडणाऱ्याचं मनगट कुणी वरून घट्ट धरावं आणि त्याचा खांदाच निखळावा, तसं हे वाचणं. तो पट्टा बनवताना कुणाची छाती डोळ्यांपुढे ठेवली असेल? बहुधा माझ्यासारख्या धडधाकट माणसाची.

काल तपासणीला जाताना भावाची गाडी मी चालवायला घेतली. अप्पा डावीकडे बसले. इथे पट्टा दुसऱ्या खांद्यावरून आला आणि नेमका दुखऱ्या बरगडीवर टेकला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"राहू दे का आज? जवळच तर जायचंय," मी म्हणालो.

"ओढ अजून," अप्पा म्हणाले. "सैल राहिलाय."