समुद्राशी अबोला

वेल्समधल्या डोंगरातल्या एका शेतघराचं हिरवं दार मी बघत उभी होते. माझे पणजोबा बोटीवर खलाशी होते. ते परत आले नाहीत, म्हणजे बुडालेच, असं आमच्या घराने धरलं. नारळी पौर्णिमेला अख्खा गाव समुद्राला नारळ द्यायचा, आमच्या घरातून कोणी जायचं नाही. वडील म्हणायचे, "माणूस गिळला त्याने. त्याला कसला नारळ?"

समुद्राने तर त्यांना सुखरूप किनाऱ्याला लावलं होतं. आजारी म्हणून बोटीवरून उतरवलेले पणजोबा काम शोधत, बर्फातून चालत इथवर आले आणि त्यांनी हे दार वाजवलं. त्यांच्या हातावर होडी गोंदलेली होती. इथल्या जुन्या सरकारी नोंदींत त्या खुणेचा माग काढत मी इथे पोचले.

घरची म्हातारी सहज सांगत होती, "परका काळा माणूस, आमची माणसं घाबरली. रात्रभर वाजवत होता म्हणे. सकाळी उंबऱ्याशीच गारठून मेलेला सापडला."

तीन पिढ्या आम्ही रुसलो, ते समुद्रावर.

म्हातारीने दार सताड उघडलं. म्हणाली, "आत या ना. बाहेर किती गारठा आहे."