काय वाढतंय ते

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. कित्येक वर्षं ती काजाच्या मशीनवरच बसत होती. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी हवं, म्हणून हल्ली ती कामावरून सुटली की शिकवणीला जायची. तिथे नुकतंच शिकवलं होतं, बसलेला धंदा पुन्हा उठायला लागला की ‘पिक अप’ म्हणायचं.

त्याच आठवड्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. नवरा माल पोचवायला परगावी, त्यामुळे दवाखान्यात ती एकटीच. तिथले डॉक्टर बाहेरून आलेले, फक्त इंग्रजी बोलणारे. सकाळी त्यांनी रिपोर्ट पाहिला, नर्सला म्हणाले, "इट्स पिकिंग अप अगेन," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

काजवालीचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच नणंदेला फोन लावला. "ताई, आई सावरतायत. एवढ्या लांबून धावपळ करू नका."

दुपारी मात्र सलाइनला आणखी एक बाटली जोडली, ऑक्सिजन वाढवला. सासूबाई डोळे उघडेनात. हात धरला तर चटका बसावा इतका तापलेला. सुधारणाऱ्या माणसाला एवढं कशाला लावतात? विचारायला म्हणून उठली आणि पुन्हा बसली. उत्तर ऐकायचं धाडस होईना.

शेवटी नर्सच जवळ आली. "घरच्यांना बोलावलंत ना?"

"डॉक्टर तर म्हणाले, पिक अप होतंय."

"अहो, इन्फेक्शन. ते पुन्हा वाढतंय. पेशंट सुधारत असता तर ‘शी इज पिकिंग अप’ म्हणाले असते. शब्द तोच, पण काय वाढतंय ते आधी बघायचं."

मायलेकींची भेट आपल्यामुळे हुकली तर? तिने लगेच नणंदेचा नंबर लावला.

"ताई, मला नीट कळलं नव्हतं. तुम्ही निघा."

पलीकडून लगेच फोन ठेवल्याचा आवाज.

नणंद दिवेलागणीला पोचली आणि तिच्याकडे न बघता आईच्या उशाशी बसली. खाटेच्या दोन बाजूंना दोघी, कान त्या घरघरणाऱ्या श्वासाकडे.

ताप उतरायला बरेच दिवस गेले. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "शी इज ऑन द मेंड." हे शिकवणीत झालंच नव्हतं. या वेळी मात्र काजवालीने त्यांची वाट अडवली.

"मेंड म्हणजे? चांगलं की वाईट?"

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. "चांगलं," नर्स म्हणाली. "बऱ्या होतायत."

नणंद भिंतीला टेकून रडायला लागली. काजवाली तिच्यासाठी चहा आणायला गेली, आणि कँटीनच्या रांगेतूनच तिने नवऱ्याला फोन लावला.