चंदेरीच्या पायथ्याशी चाकांवरचं वन बीएचके

परदेशी व्हिडिओ बघून कॅम्परव्हॅनची स्वप्नं पाहणाऱ्यांनी आधी एवढं समजून घ्यावं, की त्या व्हिडिओत कोणाचीच आई नसते. आमच्या गाडीत होती. गाडीचं भवितव्यही तिच्याच हातात होतं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेऊन आले. तिच्यात घर करायचं आणि आंबोलीपासून तोरणमाळपर्यंत हिंडायचं, असा बेत. आईला त्यांनी हा बेत सांगितला तो बस बिल्डिंगखाली उभी राहिल्यावर. आई गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिने वरूनच गाडी पाहिली आणि उरलेले कपडे वाळत घातले. पुढे आठ महिने घरात या विषयावर जे संभाषण झालं, त्यात आईचा वाटा शून्य होता.

शेवटी तिने अट सांगितली. "मी एक रात्र येईन. घरी परत आल्यावर सांगेन, ठेवायची की विकायची. मध्ये मला कोणी विचारायचं नाही." गिऱ्हाईक तयारच होतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका गृहस्थांना त्या गाडीत दाल-पकवानचा स्टॉल टाकायचा होता आणि ते दर दोन दिवसांनी फोन करत होते.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. त्यामुळे छतावरचं सोलर पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर आणि सगळं वायरिंग माझ्याकडे होतं. ते अपेक्षेप्रमाणे चाललं, म्हणून त्याबद्दल इथे जास्त काही नाही. फक्त एक सूचना: गाडीत असे बदल करणार असाल तर आरटीओची मंजुरी आधी घ्या आणि करवत नंतर चालवा. उलट क्रमाने केलेले लोक मला आरटीओच्या रांगेत भेटले आहेत.

लाकडी काम उल्हासनगरला, फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत परसूभाईंकडे दिलं. मी मिलिमीटरमध्ये मापं घालून ड्रॉइंग दिलं होतं. परसूभाईंनी ते आदराने घेतलं आणि त्यावर समोशाची प्लेट ठेवली. बाबा रोज तिथे जाऊन उभे राहायचे. काम पूर्ण झालं तेव्हा गाडीत संगमरवरी दिसणारा सनमायका होता, कपबशा मांडायला काचेचं शोकेस होतं, छताला निळे दिवे होते आणि ड्रायव्हरच्या मागे घंटा लावलेलं देवघर होतं. यातलं काहीच ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

"परसूभाई, मी व्हॅन सांगितली होती," मी म्हटलं.

"मॅडम, व्हॅन तो सब बनाते हैं. मी तुम्हाला वन बीएचके दिला."

बाहेरून क्रीम रंग मागितला होता. पण पेंटरचा क्रीम आणि शाळेचा पिवळा यांत, मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, फारसं अंतर नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी निघालो. थंडीत निघण्याला व्यावहारिक कारण आहे. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या गाडीत एकत्र बसून राहण्याइतकं आपलं कोणावरच प्रेम नसतं. जागाही नीट ठरवून ठेवा. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि डोंगराजवळची मोकळी दिसणारी जमीन कोणाच्या तरी मालकीची असते. आम्ही बाबांचे जुने सहकारी भोईरकाका यांच्या शेतात थांबणार होतो. चामटोली ओलांडली की मुख्य रस्ता सोडून डोंगराकडे वळायचं. तिथून पुढे रस्ता अरुंद आहे आणि समोरून ट्रॅक्टर आला की कोणी मागे जायचं हे ट्रॅक्टर ठरवतो.

अंबरनाथहून बदलापूरपर्यंत गतिरोधक किती आहेत हे नकाशावर कळत नाही. आमच्या देवघरातली घंटा प्रत्येकावर वाजत होती. बाबांना ते मंगल वाटत होतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

कुळगावला भाजीसाठी थांबलो. मी कोथिंबीर घेऊन परत आले तर गाडीतल्या पलंगावर एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसलेले.

"वांगणी ना?" त्यांनी विचारलं.

"काका, हे घर आहे," मी म्हटलं.

त्यांनी शोकेसकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मग बोर्ड लावा ना बाहेर. पब्लिकने समजायचं कसं?" आणि उतरताना देवाला नमस्कार करून गेले.

आई हसली. मी ते बाबांना सांगितलं नाही, कारण मध्ये काही विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि बाबांनी विचारलंच असतं.

भोईरकाकांचं शेत भात कापून झाल्यावर कडक वाळलेलं होतं. बाजूच्या तुकड्यात वाल. समोर चंदेरीचा सुळका, इतका जवळ की फोटोत मावत नाही. लेव्हल लावून पाहिली, चाकाखाली एक फळी सरकवली, गाडी सपाट झाली. गाडी सपाट असणं ही चैन नाही. डोकं उताराकडे ठेवून झोपून बघा, म्हणजे कळेल.

एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन बांधावरून चालल्या होत्या, त्या थांबल्या. "काय गो, शालेची गारी इकरं कशी आली?" या भोईरकाकू. त्यांना आतून सगळं दाखवलं. निळे दिवे लावून दाखवले. त्या म्हणाल्या, "लगीन हाय का कुनाचा?"

सूर्य डोंगराआड गेला तशी आईने सवयीने पदर खोचला आणि आत गेली. पाठोपाठ तिचा आवाज आला. "अहो, हे काय आहे?"

मी आत गेले. आई ओट्यासमोर उभी होती आणि ओटा तिच्या छातीशी आला होता. त्यावर शेगडी, शेगडीवर कढई. कढईचं तोंड बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होतं. आई चार फूट दहा इंच आहे.

"आत काय शिजतंय ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "मी काय, वासावर स्वयंपाक करू?"

टेप काढली. एक्केचाळीस इंच. ड्रॉइंगमध्ये चौतीस लिहिलं होतं. परसूभाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, कागज पे कुछ भी लिखा हो. ओटा आम्ही माणसाच्या मापाने बनवतो. कोपराच्या खाली चार बोटं. तुमचे पप्पा रोज समोर उभे असायचे, तर त्यांचा नाप घेतला."

"पण स्वयंपाक आई करणार होती."

"तो मम्मी को लाना था ना एक बार," परसूभाई म्हणाले. "कोणी सांगितलंच नाही की मम्मी पण आहे."

फोन बंद केला. बाबा पाच फूट दहा आहेत. त्यांनी खाली पाहिलं आणि मग तोडगा काढला. "स्टुलावर उभी राहा ना."

"नाही," मी म्हटलं. "पेटता गॅस, गरम तेल आणि स्टूल. मी काम करते त्या कारखान्यात कोणी असं उभं राहिलं तर मी लाइन बंद करते."

"मग तू कर."

मी हात धुवायला वळले, तेवढ्यात आईने मला थांबवलं. "तू बस. ओटा ज्यांच्या मापाचा आहे, ते करतील." तिने खोचलेला पदर सोडला, बाहेर गेली, घडीची खुर्ची उघडली आणि चंदेरीकडे तोंड करून बसली.

बाबा आत एकटे राहिले. पिठलं करायचं ठरलं, कारण त्याला कमी अक्कल लागते असा त्यांचा समज होता.

"मोहरी तडतडली का?" आईने खिडकीतून विचारलं, डोंगरावरची नजर न काढता.

"तडतडली हे कळतं कसं?"

"पस्तीस वर्षं शेजारच्या खोलीत बसून काय ऐकत होतात?"

भोईरकाकू वालाच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. त्यांनी दारातून आत पाहिलं आणि बांधाकडे तोंड करून हाक मारली, "अगो रखमे, ये गो बघायला! गारीन बापय रांधतंय!" पुरुष रांधतोय हे बघायला पाचेक बायका जमल्या. निळ्या दिव्यांत बाबा एका हाताने पीठ टाकत होते आणि दुसऱ्या हाताने घाम पुसत होते. बायकांची चर्चा सुरू होती.

"पानी कमी परलंय."

"नाय गो, पीठ जास्ती परलंय."

"आता गुठल्या व्हतील."

झाल्या. काकूंनी कढईत डोकावून आईला बातमी दिली. "गुठल्या झाल्यान गो."

"होऊ देत," आई म्हणाली. "मी केलेल्या नाहीत त्या."

आम्ही भाकऱ्या घरून आणल्या होत्या. पिठलं वाईट होतं. आईने दोनदा घेतलं.

सकाळी मला जाग आली तेव्हा बाबा ओट्याशी चहा करत होते आणि आई झोपलेली होती. ती आमच्या घरात सगळ्यात आधी उठते, त्यामुळे तिला झोपलेलं मी क्वचित पाहिलं आहे. तोंड जरासं उघडं होतं. बाबा चमचासुद्धा जपून ठेवत होते.

ती उठली, चहा घेऊन बाहेर बसली. चंदेरीवर ऊन आलं होतं.

"हा डोंगर आपल्यापासून किती लांब आहे?" तिने विचारलं.

"गाडीने तासाभराच्या आत."

"आणि आधीपासून इथेच होता?"

"हो," मी म्हटलं. एरवी मी असल्या प्रश्नावर काहीतरी बोलले असते.

परतीच्या वाटेवर बाबा नीट गाडी चालवत होते आणि दर वळणानंतर आरशातून मागे बघत होते. आंबोली आणि तोरणमाळ दोन्ही मागच्या सीटवर बसलेल्या बाईच्या मर्जीवर अवलंबून होती. ती डोळे मिटून बसली होती.

अशी गाडी करायची असेल तर माझे हिशोबी निष्कर्ष असे. पाण्याची टाकी अर्धीच भरा, तिचं वजन चढावर कळतं. संडासाचा प्रश्न आधी सोडवा, निसर्गसौंदर्य नंतर बघा. आणि मापं घेताना घरातले सगळे घेऊन जा. हा तिसरा मुद्दा मी आता मागे घेते आहे, त्याचं कारण खाली.

घरी पोचलो आणि मी म्हटलं, "परसूभाईंकडून ओटा सात इंच खाली करून घेते. दोन दिवसांचं काम आहे."

"हात लावून तर बघ ओट्याला," आई म्हणाली.

बाबा चपला काढता काढता थांबले. तेवढ्यात दाल-पकवानवाल्यांचा फोन आला. बाबांनी फोन न उचलता आईपुढे धरला. तिने घेतला. "नाही भाऊ, विकायची नाही. हो, नक्की. आमचे हे गाडीशिवाय स्वयंपाक करत नाहीत."

बाबा चहाच्या टेबलाशी बसले आणि बराच वेळ रस्त्यांचा नकाशा उलटा धरून बघत राहिले. मी तो सरळ करून दिला.

संध्याकाळी आई सोफ्यावर बसून होती. बाबांनी स्वयंपाकघरात एक फेरी मारली, दुसरी मारली, मग दारात येऊन म्हणाले, "पिठलं मी केलं असतं गं. पण हा ओटा मला फार खाली पडतो. कंबर धरते."

आईने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. "मग गाडीत करा," ती म्हणाली. "खालीच उभी आहे."